मागच्या सीटखालची चौकोनी स्प्रिंग

कोथरूड, पुणे
२७ ऑक्टोबर २०२५

विषय : गाडीच्या मागच्या सीटखालून होणाऱ्या टोचणीबाबत.

चि. जयसिंगास अनेक आशीर्वाद.

उपरोक्त विषयास अनुसरून कळविण्यात येते की, गुरुवार दि. २३ रोजी भाऊबीज आटोपून तू मला आपल्या फियाटमधून मुळशीहून पौडच्या स्टँडवर सोडलंस, त्या संपूर्ण प्रवासात माझ्या डाव्या मांडीखाली एक वस्तू होती. वस्तू टणक होती. तिला कोपरे होते. प्रत्येक खड्ड्याला ती वर येत होती आणि मी खाली जात होते, आणि आमची भेट मध्येच कुठेतरी होत होती. पाऊण तास मी उजव्या अंगावर तोल सांभाळत बसले. तू आरशातून विचारलंस, "ताई, तिकडं काय बगतीयास?" मी काही बघत नव्हते. माझा कलच तसा झाला होता.

आज चौथा दिवस. कॉलेजात खुर्चीवर बसण्यापूर्वी मी हाताने चाचपून घेते. प्राचार्यांनी दोनदा विचारलं, मॅडम, काही हरवलंय का. तीस वर्षं क्लार्कच्या आणि मग हेडक्लार्कच्या खुर्चीत जो विश्वासाने बसायचा गुण मी कमावला होता, तो तुझ्या, म्हणजे आपल्या, गाडीने एका फेरीत घालवला.

यावर तू म्हणशील की पुढे बसायचं होतंस. पुढच्या सीटवर इंद्रायणीचं पोतं होतं. ते तू हलक्या हाताने बसवलंस, त्याच्या पाठीला उशी दिलीस, आणि मला म्हणालास, "तू मागं बस." लहानपणी पुढे तू बसायचास आणि मी मागे. आता त्रेपन्नाव्या वर्षी माझी पायरी तांदळाच्याही खाली गेली, एवढी नोंद करून मी हा मुद्दा सोडते.

आणखी एक. रेडिओच्या उजव्या दांडीवर तू मिक्सरचं बटण बसवलंयस. त्यावर १, २, ३ लिहिलेलं आहे. बाबांची गाडी आहे ती, चटणीचं भांडं नव्हे.

हे सगळं फोनवर बोलता आलं असतं. पण तुझ्या फोनची रेंज अडचणीचा प्रश्न आला की जाते आणि "बरं, जेवलीस का" म्हटलं की परत येते. म्हणून लेखी. आठ दिवसांत खुलासा यावा.

तुझी ताई,
साधना

प्रत : आईस, माहितीसाठी.

*

मुळशी
४ नोव्हेंबर २०२५

ती. ताईस जयसिंगचा शिरसाष्टांग नमस्कार.

तुझं पत्र मिळालं. पोस्टमन म्हणाला, सरकारी दिसतंय, बसून वाचा. बसून वाचलं.

तर खुलासा असा की ती स्प्रिंग हाय. दुसरं काय न्हाई. साठ वर्षांची गाडी, तिच्या स्प्रिंगा वर येणारच. माज्याबी येत्यात. तू कधीमधी बसतीस म्हणून तुला टोचतं, आमाला सवय झाली. तरीबी मी सीट काढून बघतो. बघितलीच. स्प्रिंगच हाय.

तांदळाचं म्हणशील तर ते पोतं मागं ठेवलं की गाडी मागून दबती आन् रस्त्याला घासती, म्हणून पुढं ठेवलं. तुझा मान कमी करायचा म्हणून न्हाई.

मिक्सरच्या बटणाचं खरंय. नुसती दांडी उघडी बरी दिसत न्हवती. जुन्या बाजारात दोन रविवार हिंडलो. असलं गोल, दुधी रंगाचं बटण कुटंच मिळालं न्हाई. शेवटी तुझ्या भावजयीच्या जळक्या मिक्सरचं लावलं. तीबी अजून बोलती मला.

आता आनंदाची बातमी. दिशाचं लग्न ठरलं. ८ फेब्रुवारी, रविवार. मुलगा घोटावड्याचा, साहिल, हिंजवडीला कंपनीत हाय. बोलायला बरा हाय, ऐकायला त्याहून बरा हाय. माझी इच्छा अशी हाय की पोरगी सासरी बाबांच्या गाडीतनं जावी. तू गेलीस तशी. गाडी अर्धी तुझी, म्हणून इचारतो. तेवढी परवानगी दे.

तुझा,
जयसिंग

ता. क. आत्या, मी दिशा. आजी सांगतेय ते तसंच लिहितेय :

साधे, तुजा कागुद मला दिशीनं वाचून दावला. मांडीला हळद लाव. आगं, गाडी आता लई ग्वाड गाती. परवा दुपारी मी मागं आडवी झाले, तर खालनं अभंग आला. मला वाटलं आली माजी येळ. हात जोडले. तर जयसिंग पुडं बसून हासतोय. म्हनला, आये, कुनाला सांगू नगं. म्हून तुला एकटीलाच सांगती.

(हे बाबांना माहीत नाही. पाकीट मी चिकटवलं. दिशा.)

*

कोथरूड
१० नोव्हेंबर २०२५

चि. जयसिंगास आशीर्वाद.

आधी दिशाला पोटभर आशीर्वाद. तिला म्हणावं, आत्याने बातमी वाचली आणि ऑफिसात पेढे वाटले. प्राचार्यांना दोन दिले, म्हणजे त्यांचं खुर्चीचं कुतूहल थांबेल.

आता खुलाशाकडे वळू.

तांदळाचं पोतं मागे ठेवलं तर गाडी दबते आणि मी बसले तर दबत नाही, हे तू सहीनिशी लिहून दिलंस. ते मी प्रमाणपत्र समजून कपाटात ठेवलं आहे. भाऊबीजेला तू मला दिलेल्या सगळ्या साड्यांपेक्षा मला ते आवडलं.

स्प्रिंगबाबत मात्र अडचण आहे. आजवर मी गोल स्प्रिंग पाहिली आहे, लांब पाहिली आहे, तुटून वर आलेलीही पाहिली आहे. चार कोपऱ्यांची प्रथमच भेटली. शिवाय जी गाडी चाळीस वर्षं आहे तशी चालली, तिच्या रेडिओच्या उघड्या दांडीची तुला याच दिवाळीत लाज का वाटावी? दोन रविवार? तू मुलगा बघायला तरी दोन रविवार घालवलेस का?

मी सरळ विचारते. गाडीत काय बसवलंयस?

उत्तर देण्यापूर्वी कागद काढून वाच. तुला सापडणार नाही, म्हणून मी उतरवून देते. बाबा गेल्यानंतरच्या वर्षी आपण पौडच्या कचेरीत गेलो. अकरा एकरांच्या हक्कसोडीवर मी सही केली. न वाचता केली. पेनसुद्धा शेजारच्या माणसाकडून मागून घेतलं. तालुक्यातल्या सगळ्या बहिणी करतात तशीच केली, आणि बाहेर येऊन तुझ्या हातचा उसाचा रस प्यायले. बदल्यात मागितलं काय? अर्धी गाडी. तिथला वकील हसला होता. मग मी सांगितलं आणि तू शंभराच्या स्टँपवर लिहिलंस :

"कलम ३. गाडी जशी आहे तशी ठेवायची. दोघांपैकी कोणी दुसऱ्याला न विचारता तिच्यातून काही काढलं किंवा तिच्यात काही बसवलं, तर त्याचा अर्धा हिस्सा दुसऱ्याचा."

आता मला काय वाटतं ते ऐक. धरणाकाठच्या रिसॉर्टांत हल्ली नवरा-नवरी जुन्या गाडीतून आत येतात. गाडीत गाणं वाजतं, वर ड्रोन फिरतो, आणि गाडीवाल्याला फेटा बांधतात. तू बाबांची गाडी तिथे लावतोस. त्यासाठी तिच्यात वाजणारं काहीतरी लपवलंयस. आणि दिशाच्या लग्नाचं निमित्त माझ्यापुढे केलंयस.

जमीन गेली त्याचं मला काही वाटत नाही. तिथे आता कुंपण आहे, आत निळं पाणी आहे आणि त्यात दिल्लीची माणसं पोहतात. पण मुळशीत माझं म्हणावं असं जे उरलंय त्याला चार चाकं आहेत. ते दुसऱ्यांच्या वरातीत भाड्याने नाचवू नकोस.

खरं सांगणार नसशील तर कलम तीनप्रमाणे गाडी माझी. मी डिसेंबरात ड्रायव्हर घेऊन येईन.

साधना

*

मुळशी
२१ नोव्हेंबर २०२५

ताई,

नमस्कार वगैरे सगळं हाय असं समज.

घेऊन जा गाडी. आत्ता ये. ड्रायव्हरबी आणू नको, मी आणून सोडतो कोथरूडला, तुमच्या सोसायटीत लावायला जागा असली तर. मागच्या खेपेला माझी मोटारसायकल लावू दिली न्हवती तुमच्या वॉचमननं.

रिसॉर्टवाला दोनदा आला हुता. व्हय, आला हुता. फेटा दाखवला मला. मी म्हणालो, ही गाडी बाबांची हाय, हिच्यात आमच्या घरची पोरगी बसती, दुसऱ्याची न्हाई. तू मला काय समजतीस? जमीन इकली ती आईच्या ऑपरेशनला आन् दोन पोरांच्या शिक्षणाला इकली, फेट्याला न्हाई.

बसवलं काय म्हणशील तर काय न्हाई. सीट काढून बघ, डिकी बघ, डॅशबोर्ड बघ, एक नवीन भोक दिसलं तर मी मिशी काढतो.

आन् गाडीतलं काही काढायचं घालायचं मला शिकवू नको. चौऱ्याऐंशी साली त्या रेडिओचं बटण गेलं. बाबा म्हणाले, पुढं हाच बसतो, ह्यानंच घालवलं. गुरांच्या दाव्यानं मारलं मला गोठ्यात. सात फटके. दहा वर्षांचा हुतो मी. मी काढलं न्हवतं ताई. अजून सांगतो, मी काढलं न्हवतं. कुणी काढलं ते आजवर कुणी इचारलंबी न्हाई. तवापास्नं मी त्या गाडीचा आरसासुद्धा इचारून पुसतो.

रेडिओ पुन्हा कधी लागला न्हाई. बाबांनी दुसरं बटण आणलं न्हाई. म्हणायचे, हाय तेच सापडू दे.

ये कधी येतीस ती.

जयसिंग

*

कोथरूड
५ डिसेंबर २०२५

चि. जयसिंगास आशीर्वाद.

रिसॉर्टबद्दल मी लिहिलं ते चुकलं. ते शब्द परत घेते. वॉचमनचेही घेते.

बाकी गोष्टींचं नंतर बघू. सध्या एक ताजी घडामोड माझ्यासमोर आहे. परवा "आपली भावकी" या ग्रुपवर निरोप आला. जसाच्या तसा देते :

"माऊलीआप्पांच्या दशक्रियेला चमत्कार. कावळा शिवेना. इतक्यात कै. विठ्ठलरावांच्या जुन्या फियाटमधून आपोआप गाणे सुरू झाले. गाडीत वाजवायचे कोणतेही यंत्र नाही, सर्वांनी खात्री केली. गाणे लागताच कावळा शिवला. आप्पांची इच्छा पूर्ण झाली."

खाली एकेचाळीस जणांनी हात जोडले आहेत. बेचाळिसावा तू आहेस.

तू हात जोडलेस, जयसिंग?

गाणं हळदीचं होतं, असंही कोणीतरी कळवलं आहे. माझ्यापाशी आईचा जबाब महिन्याभरापासून आहे. मी तो वापरला नाही, कारण साक्षीदार तुझ्या घरात राहते आणि तिला दोन वेळा जेवायचं असतं. तेव्हा आता स्प्रिंग, मिशी वगैरे पुरे. काय झालं ते पहिल्यापासून, क्रमाने आणि न लपवता लिही.

तुझी,
ताई

*

मुळशी
१४ डिसेंबर २०२५

ती. ताईस साष्टांग नमस्कार.

मिशी काढली. भोक एकबी पाडलेलं न्हाई, तरीबी काढली. आई म्हणती, बाबांसारखा दिसतोस.

आता पहिल्यापास्नं. दिवाळीआधी लग्नाची बोलणी चालली हुती, तवाच दिशानं हट्ट धरला की वरातीला डीजेचा ट्रक पायजे. मी म्हणालो, बाबांची गाडी. ती म्हणाली, त्या मुक्या गाडीत मी बसणार न्हाई, गाणं वाजलं तर बसते. आता तुला इचारावं तर तू न्हाई म्हणणार. म्हणून मी दयानंदला गाठला. तो आपल्या घोटावड्याचाच, दिवसा उरवड्याच्या कारखान्यात वायरिंग करतो, सुट्टीला गाड्यांचं काम घेतो. त्याला म्हणालो, माझी बहीण हेडक्लार्क हाय. तिला दिसता कामा नये. तो म्हणाला, दादा, आरटीओला दिसणार न्हाई. मी म्हणालो, आरटीओचं सोड, मी माझ्या बहिणीचं बोलतोय.

ताई, पण काम बघितलं असतंस तर तूबी वा म्हणाली असतीस. जुन्या वायरींच्या वाटेनंच, गालिच्याखालनं वायरी नेल्या. डॅशबोर्डाखाली जी मूळची जाळी हाय ना, तिच्यामागं दोन पातळ स्पीकर. रेडिओचं तोंड जसंच्या तसं. आवाजाचा मुख्य डबा मागच्या सीटखाली, पट्ट्यानं बांधून. तोच तुला टोचला. तिथं आधी तो उभा हुता, तुझं पत्र आल्यावर आडवा केला. गाणी एका पेन ड्राइव्हवर, तो पुढच्या खणाच्या पाठीमागं. आन् बटण कुटं? दिसायला नको ना. तर पुढची राखदाणी. बाबा बिडी वडायचे तवाची. ती उघडली की गाणं सुरू, लावली की बंद. आमच्या घरात आता कुणी वडत न्हाई, म्हणजे ती उघडणार कोण? असा हिशेब.

माऊलीआप्पांची दशक्रिया हुती नदीवर. सगळा गाव. वरच्या वाडीचा काळूबा आला हुता, आप्पांचा जन्माचा जोडीदार. त्याचे गुडघे गेलेत, उन्हात उभं ऱ्हावंना. मी म्हणालो, काळूबा, गाडीत बस सावलीला.

पिंड ठेवले. कावळे समोरच्या उंबरावर आठ-दहा, पण एकबी खाली येईना. घरातले एकेक येऊन बोलले. थोरला म्हणाला, आप्पा, नातीचं शिक्षण थांबवणार न्हाई. धाकटा म्हणाला, आप्पा, बांध मी सरकवला तो परत सरकवतो. तरी न्हाई. बांधाचं ऐकून तर थोरलाच चमकला, त्याला म्हाईत न्हवतं. एक तास झाला. तवर श्रद्धांजलीची भाषणं चालू ठेवली. एक पुढारी माइकवर म्हणत हुते, "आप्पांच्या जाण्यानं संबंध तालुक्यात शांतता पसरली आहे..."

आन् काळूबानं चुन्याची बोटं पुसायला राखदाणी उघडली.

दिशानं आवाज पुरता वाढवून ठेवला हुता. हळदीच्या नाचाचं, ढोलासकट. पुढाऱ्यांनी पहिल्यांदा स्वतःचा खिसा दाबला. मग सगळ्यांनी आपापले खिसे दाबले. मीबी दाबला. मला म्हाईत हुतं काय वाजतंय आन् कशानं थांबतं. चार पावलं जाऊन राखदाणी लावली की झालं. पण लावली असती तर सगळ्या भावकीला कळलं असतं, आन् भावकीला कळलं की तुला कळलं. म्हणून मी खिसा दाबून उभा ऱ्हायलो. पोरांनी डिकी उघडली. गाडीखाली झोपून बघितलं. रेडिओचं बटण फिरवलं, तर मिक्सरचं हातात आलं. एक जण म्हणाला, आवाज धरणापलीकडनं, रिसॉर्टातनं येतोय. दयानंद तिथंच गर्दीत हुता. त्याच्या तोंडावर जे समाधान हुतं ते मी माझ्या लग्नातबी बघितलं न्हाई. काळूबाला कमी ऐकू येतं. तो निवांत तंबाखू मळत हुता.

आन् कावळा उतरला. ताई, देवाशप्पत उतरला. सरळ मधल्या पिंडावर. आप्पा जवानीत लेझमीत पुढं असायचे, तुला आठवतं का? लोकांना आठवलं. थोरला रडाय लागला, धाकटा त्याच्या गळ्यात पडला. तेवढ्यात काळूबानं तंबाखू तोंडात टाकली, बोटं पुसली आन् राखदाणी लावून टाकली. गाणं बंद. काम झाल्यावर बंद. मग काय, माझ्या देखत माणसं बॉनेटच्या पाया पडली.

आता रोज कोण ना कोण येतं. तीन घरांनी दशक्रियेला गाडी मागितली. रिसॉर्टचा फेटा नको म्हणालो, तर हे आलं. टपावर हळदकुंकू हाय. पुसायला गेलो तर आईनं हात धरला.

एवढं झालं. पण तुला एक गोष्ट सांगायची ऱ्हायली, ती आधी सांगितली असती तर चोरी करावी लागली न्हसती.

शहाण्णव साली तू सासरी निघालीस. बाबा गाडी चालवत हुते, मी पुढं, तू आन् दाजी मागं. मुळशीपास्नं पौडपर्यंत कुणी एक शब्द बोललं न्हाई. बाबांचा हात सारखा रेडिओपाशी जायचा. नुसत्या दांडीला बोट लावायचा आन् परत स्टिअरिंगवर यायचा. त्यांना बोलता येत न्हवतं. रेडिओ लागला असता तर त्यांना रडता तरी आलं असतं, आवाजात लपून. मी मागं वळून बघितलं तर तू पर्स दोन्ही हातांनी धरून बाहेर बघत हुतीस. तवा मी ठरवलं, माझी पोरगी असल्या मुक्या गाडीतनं जाणार न्हाई.

म्हणून बसवलं. न इचारता बसवलं. चूक माझी. कलम तीन मला पाठ हाय. सोबत कागद जोडलाय. माझा अर्धा हिस्सा तुझ्या नावानं सोडला. तू माझ्यासाठी अकरा एकर सोडलेस न वाचता, मी अर्धी गाडी वाचून सोडतोय, म्हणजे माझं काहीच मोठं न्हाई. आईची साक्ष घेतलीये.

फक्त ८ फेब्रुवारीला एक दिवस मला दे. दुसऱ्या दिवशी घेऊन जा.

तुझा,
जयसिंग

*

मुळशी
३ जानेवारी २०२६

ती. ताईस नमस्कार.

पत्र न्हाई. फोन लावला तर तू उचलत न्हाईस, आता तुझीबी रेंज जाती का काय.

गाडी धुऊन ठेवलीये. डबा काढू का ठेवू तेवढं कळव. दिशा म्हणती, आत्या न्हाई म्हणाली तर डीजे सांगते. आई रोज दुपारी गाडीत बसती. म्हणती, साधीचं पत्र येऊस्तोवर ऐकून घेते.

लग्नाला तरी येशील ना?

जयसिंग

*

कोथरूड, पुणे
१२ जानेवारी २०२६

विषय : (अ) तुझा दि. १४ डिसेंबरचा कागद. (आ) दि. ८ फेब्रुवारीसाठी गाडी मिळण्याबाबत.

चि. जयसिंगास अनेक आशीर्वाद.

तुझा कागद मिळाला. चार आठवडे तो माझ्या टेबलाच्या खणात होता. दररोज कुलूप उघडून मी तो वाचला आणि परत ठेवला. त्यात पुढील त्रुटी आढळल्या. साक्षीदार एकच आहे. तिची सही म्हणून जे आहे ते ज्वारीच्या पिठाचं बोट आहे. गाडीचा नंबर तू पाठ म्हणून लिहिलास आणि शेवटचा आकडा चुकवलास; या कागदाप्रमाणे तू मला कोणा दुसऱ्याची गाडी दिली आहेस. सबब कागद नामंजूर.

परंतु खरी अडचण वेगळी आहे. कलम तीन मी सांगितलं होतं आणि तू लिहिलं होतंस. चार आठवडे तेही मी वाचलं. त्यात "बसवलं" नंतर आहे. आधी "काढलं" आहे. आणि कधीपासून, ते घालायचं माझ्याकडून राहिलं. हेडक्लार्क असून राहिलं. त्यामुळे त्या कलमाप्रमाणे तुझा हिस्सा या दिवाळीत माझ्याकडे आला असला, तरी माझा एकेचाळीस वर्षांपूर्वीच तुझ्याकडे गेलेला आहे. म्हणजे गाडी होती तशीच दोघांची राहते. वकिलाला विचारायची गरज नाही. तो परत हसेल.

आता (आ). गाडी मंजूर. डबा काढू नकोस. नवऱ्या मुलाच्या बाजूला सरकव. त्याला आमच्या घराची सवय आत्तापासून होऊ दे. टपावरचं हळदकुंकू राहू दे. दशक्रियेला मात्र कोणालाही गाडी द्यायची नाही. आप्पांचं जमलं, दरवेळी कावळ्याला हळदीचं गाणं आवडेलच असं नाही.

दिशाबरोबर पाठराखीण म्हणून मी जाणार आहे. आईशी बोलून घेतलं आहे, तिची रेंज कधी जात नाही. पण मी मागे बसणार नाही. पुढे बसणार. तांदूळ टेम्पोने पाठव. तांदूळ, अहेर, तुझा साडू, ज्याला कोणाला पुढे बसायचं असेल त्या सगळ्यांना सांग, जागा भरली. बारा वर्षांची असल्यापासून मी त्या सीटची वाट बघते आहे. त्या वयात माणूस कधी कधी रागाच्या भरात हाताला येईल ते ओढून घेतो आणि मग ठेवायचं कुठे ते कळत नाही. पर्समध्ये ठेवतो.

दयानंदला म्हणावं, काम वाखाणण्यासारखं आहे, पण राखदाणीची तार सोड आणि रेडिओच्या उजव्या दांडीला जोड. मिक्सरचं बटण वहिनीला साभार परत कर. त्या दिवशी गाणं मी लावीन. गाव सुटलं की लावीन, पौडपर्यंत थांबणार नाही. तू गाडी चालवशील. तुला काही बोलावं लागणार नाही. आवाज मी मोठा ठेवीन.

जाता जाता तुझ्या दि. २१ नोव्हेंबरच्या पत्रातली एक चूक दुरुस्त करते. फटके सात नव्हते, नऊ होते. मी कणगीमागे उभी राहून मोजले होते.

तुझी,
ताई

सोबत : १. तुझा कागद, फाडून.
२. रेडिओचं बटण, उजवीकडचं, दुधी रंगाचं, एक.